माझ्या निधनाचे वाचक

आमच्या भागातला माणूस रविवारी आधी चहा पितो की आधी माझा लेख वाचतो, एवढाच काय तो संशोधनाचा विषय होऊ शकतो. बाकी शंकेला जागाच नाही. हे मी अनुजाला छातीठोकपणे सांगितलं आणि तिथूनच माझ्या मरणाची तयारी सुरू झाली.

मी भिकाजी परब. 'दैनिक किनारदीप'चा कट्टा वार्ताहर. कट्टा हे आमच्या गावाचं नाव. वार्ताहर म्हणजे काय ते सांगून ठेवतो, कारण पुण्या-मुंबईकडच्यांना वाटतं की आम्ही पत्रकार असतो. कट्टा बाजारात दुकानाचं उद्घाटन असलं की नारळ फोडताना आमची आठवण होते आणि पेढे वाटताना होत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, सोसायटीची वार्षिक सभा, कुणाच्या तरी फणसाला बुंध्यात लागलेले फणस आणि निधनवार्ता, एवढा आमचा प्रांत. निधनवार्ता तर झोपेतसुद्धा लिहितो. मनमिळाऊ व प्रेमळ स्वभाव, पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार. ज्याने आयुष्यभर भावाशी बांधावरून मारामारी केली तोही आमच्या पेपरात मनमिळाऊ होऊनच जातो.

पण रविवारचं माझं सदर वेगळं. 'कट्ट्यावरून'. तिथे मी कुणाच्या बापाला भीत नाही. शासकीय अनास्थेवर असे कोरडे ओढतो की बस. मुख्य रोख आमच्या रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या मोरीवर. ही मोरी खचून इतकी वर्षं झाली की आता तिला कुणी खचलेली म्हणत नाही, खूण म्हणून वापरतात. "मोरीकडे उतर, मगे डावीकडची पाणंद." त्या मोरीवर मी पावसाळ्यापूर्वी लिहिलं, पावसाळ्यात लिहिलं, पावसाळ्यानंतर लिहिलं. पाइपचा व्यास, निविदेची तारीख, उपअभियंत्यांचं उत्तर, सगळं आकडेवारीसकट. मोरी तिथेच आहे, मीही तिथेच आहे.

अनुजा पुण्याच्या विद्यापीठातून आली होती. पीएच.डी. करत होती. विषय 'जिल्हा वृत्तपत्रे, त्यांचे वार्ताहर आणि वाचक'. पोरगी गोड बोलणारी, नम्र, पाया पडणारी. अशा माणसांपासून मी आता लांब राहतो. ती यायच्या आधी संपादकांचा फोन आला होता.

"परब, त्या मॅडम तुमचं सदर अभ्यासाला घेतायत. त्यांना वाचक सापडले तर सदर राहील. नाही सापडले तर ती जागा मी वाढदिवसाच्या शुभेच्छांना देणार."

"साहेब, शुभेच्छा कोण वाचतं?"

"ज्याचा वाढदिवस तो तरी वाचतो. तुमचं कोण वाचतं?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी ठेवला नाही, बराच वेळ कानालाच धरून होतो. उभी हयात या पेपरात गेली. केस गेले, दात गेले, एक स्कूटर गेली. हातात राहिलं ते हे सदर. तेही गेलं तर मी म्हणजे नुसता निधनवार्ता पाठवणारा माणूस. यमाचा कारकून.

तर अनुजा आमच्या पडवीत बसली होती, समोर जानकीने केलेलं कोकमचं सरबत. जानकी म्हणजे आमची सौभाग्यवती.

"काका, तुमचा लेख शेवटपर्यंत किती जण वाचतात?"

"सगळे."

"कशावरून?"

आता हा शब्द मी स्वतः किती तहसीलदारांच्या तोंडावर फेकला असेल. मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, लोक रस्त्यात भेटून 'छान लिहिलंत' म्हणतात. ती म्हणाली, "नेमकं काय छान होतं, ते म्हणतात का?" मी आठवून पाहिलं. नाही म्हणत. ती म्हणाली, बऱ्याच ठिकाणी लोक मथळा आणि फोटो बघतात, हा तिचा आतापर्यंतचा अनुभव आहे. वाईट वाटून घेऊ नका काका. हे 'वाईट वाटून घेऊ नका' मला फार लागलं.

मी तिथल्या तिथे प्रयोग जाहीर केला. येत्या रविवारच्या लेखात, अगदी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, पाइपचा व्यास आणि निविदा यांच्यामध्ये मी एक वाक्य टाकणार: 'इथपर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाने आज सकाळी माझ्या घरी यावे, गरम घावने आणि रस तयार आहे.' तोंडी कुणाला सांगायचं नाही. जो येईल तो वाचक. अनुजाचे डोळे चमकले. तिने तेवढ्यात चार ओळी लिहूनसुद्धा घेतल्या.

"गो, पन्नास माणसांचं पीठ घाल," मी आत ओरडलो.

जानकी बाहेर आली. "कोणाचा काय आसा?"

मी तिला प्रयोग समजावला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "धा जणांचा घालतंय. उरला तर तुमी खावा."

"धा? अगो, अख्खो तालुको वाचता माका."

"माका नका सांगू. तुमचा लिवलेला मी तरी खंय वाचतंय?"

अनुजाने हेही लिहून घेतलं.

शनिवारी मी तयारीला लागलो. सदरावर माझा जो फोटो छापतात त्यात मला केस आहेत, म्हणजे तो किती जुना असेल ते बघा. उद्या घरी येणाऱ्या वाचकांनी मला ओळखायला हवं म्हणून बाजारात जाऊन नवीन फोटो काढला. पांढरा सदरा, समोर नजर, चेहरा गंभीर. फोटोवाला म्हणाला, "वायच हसा." मी म्हटलं, मोरीवर लिहिणाऱ्याने हसायचं नसतं.

फोटो काढून परततो तोच निरोप आला की पलीकडच्या गावातले दाजी परब सकाळी गेले. आडनाव आमचं एकच, पण भावकी वेगळी. एक्याऐंशी वर्षांचे होते. तरुणपणी बोटीवर खलाशी होते, मग गावी येऊन राहिले. मला बाजारात दिसत, मान हलवत, "काय म्हणता पेपर?" एवढंच विचारत आणि उत्तराची वाट न बघता मिशीत हसत पुढे जात. जास्त ओळख नव्हती. त्यांच्या मुलाने, देवेशने, त्यांचा फोटो पाठवला. तोही पांढरा सदरा, समोर नजर, टक्कल आणि मिशी. मी तीन ओळी लिहिल्या. मनमिळाऊ, प्रेमळ, असा परिवार. मग आमच्या विहिरीजवळ जाऊन उभा राहिलो, कारण आमच्याकडे मोबाइलला रेंज तिथेच येते. लेख, माझा फोटो, निधनवार्ता, दाजींचा फोटो, सगळं एका दमात कार्यालयात पाठवलं. मजकूर आधी गेला आणि फोटो गोल गोल फिरत बसले. कधी गेले, कुठला आधी गेला, बघायला मी थांबलो नाही. डास फार होते.

रविवार उजाडला. जानकीने तवा ठेवला. नारळाचा रस काढून त्यात गूळ घालून झाला होता, वेलचीचा वास घरभर. अनुजा लवकरच येऊन पडवीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसली. मी न्हाणीघरात दाढी करत होतो. वाचक येणार म्हटल्यावर गुळगुळीत दाढी हवी.

पेपर कट्ट्याला पहिल्या एसटीने येतो. त्यानंतर थोड्याच वेळात बाहेर पावलांचा आवाज झाला. मी वस्तरा थांबवला. पहिला वाचक. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. साबणही गेला असेल.

आणि मग रडण्याचा आवाज आला.

माझं लिखाण हृदयस्पर्शी आहे हे मला ठाऊक होतं, पण मोरीच्या लेखावर कुणी हंबरडा फोडेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. आवाज जानकीच्या मामेबहिणीचा, पेंडूरच्या तुळसाचा होता. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये आमच्याकडे माडाच्या झावळ्यांचा एक झापच आहे, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"जानक्या गो, ह्या काय झाला गो बाय," तुळसा.

"काय झाला? ये, बस. घावने खा गरम गरम," जानकी.

तुळसाचं रडणं कुणी नळ बंद करावा तसं थांबलं. आमच्याकडे घरात मयत झालं की चुलीवर तवा चढत नाही. शेजारचे पेज आणून देतात, ती प्यायची. आणि इथे नवरा मेलेली बाई चुरचुर घावने घालत होती, वर वेलची.

"जानक्या, तू धक्को घेतलंस काय गो?"

"कसलो धक्को? गुळ कमी घातलंय काय बघ."

तेवढ्यात आणखी माणसं आली. एसटी स्टँडवरचा चहावाला लवू आला. त्याच्याकडेच पेपर उतरतात. टपरी अर्धी बंद करून आला होता. मागून सोसायटीचे चेअरमन, दोन मास्तर, माझ्या बातमीने चिडून वर्षभर न बोलणारा ठेकेदारसुद्धा. सगळे खाली मान घालून, चपला उंबऱ्याबाहेर नीट लावून, पडवीत येऊन गप्प बसले. अनुजाला वाटलं, वाचक जमताहेत. तिने आनंदाने पहिला प्रश्न टाकला.

"आपण लेख वाचून आलात ना?"

"कसलो लेख?" लवू म्हणाला. "फोटो बघलंय आणि इलंय. काल सांजचे माझ्याकडे चाय पिऊन गेले. काय भरवसो नाय माणसाचो."

"एक्याऐंशी होते म्हणे," चेअरमन म्हणाले.

"दिसत होते," मास्तर म्हणाले.

मी त्रेसष्टचा आहे. हे 'दिसत होते' मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणजे पुढच्या वेळी मरेपर्यंत.

"पण नाव तर दाजी परब छापलाहा," दुसरे मास्तर चाचरत म्हणाले.

"ता घरातला नाव आसात," लवू ठामपणे म्हणाला. "माझा कागदावरचा नाव खंय कोणाक ठावक आसा?"

यावर सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावं, एक घरातलं, एक शाळेच्या दाखल्यावरचं. त्यामुळे निधनवार्तेतल्या नावावर कुणी विश्वास ठेवत नाही. चेहरा ओळखीचा दिसला की पायात चपला घालायच्या.

इतका वेळ मी वस्तरा धरून उभा होतो. आता मला उलगडा झाला. अर्धी दाढी, कमरेला पंचा, अशा अवस्थेत मी झाप ढकलून पडवीत आलो.

"मी जिवंत आसंय," मी म्हटलं.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी आनंदाने मिठ्या मारल्या. तुळसाने छातीवर हात ठेवला, तो तेवढ्यापुरता. बाकीचे माझ्याकडे असे बघत राहिले, की मी काहीतरी कबूल करून ऐनवेळी माघार घेतलीय. लवू म्हणाला, "मगे आता काय करूचा?" चेअरमन घड्याळ बघून म्हणाले, "मी तर वाडीतल्या लग्नाची बैठक मोडून इलंय." ठेकेदाराचा चेहरा सगळ्यात जास्त पडला होता.

पेपर आणला. आतल्या पानावर निधनवार्ता, दाजी परब, वर मी. पांढरा सदरा, समोर नजर. त्या फोटोत दाढी तरी पूर्ण केलेली होती, तेवढंच समाधान. पान उलटलं. 'कट्ट्यावरून', भिकाजी परब, वर दाजी. मिशीत हसत होते.

"हो फोटो कोणीच बघलास नाय?" मी विचारलं.

"ता पान आमी उघडत नाय," लवू म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता. पेपर कसा वाचायचा ते मला समजावल्यासारखं म्हणाला.

मी तणतणत विहिरीकडे गेलो आणि संपादकांना फोन लावला. फोन लागायच्या आधी वार्ताहरांच्या ग्रुपवरचे मेसेज धडाधड पडले. सगळ्यांत वर खुद्द संपादकांचा. 'निर्भीड लेखणी थांबली. किनारदीप परिवार पोरका झाला. भिकाजी परब यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली माझा फोटो, पेपरातून कापलेला, पलीकडच्या राशिभविष्यासकट. खाली हात जोडलेल्यांची रांग.

"हॅलो," संपादक हळू आवाजात म्हणाले. "वहिनी, धीर धरा."

"वहिनी नाय साहेब, मी बोलतोय. भिकाजी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"परब, तुम्ही गेलात ना?"

"तुमच्याच पेपरात गेलोय. बातमी वाचा. दाजी परब गेले."

"आता एवढं कोण वाचत बसतं," संपादक म्हणाले. मग त्यांनाच ते कसंसं झालं असावं. "उद्या खुलासा टाकतो. पण आता ग्रुपवर लगेच काढत नाही, वर मंत्र्यांच्या पीएंचाही शोकसंदेश आलाय."

परत पडवीत आलो तर काय. मंडळी पंगतीला बसावीत तशी बसली होती आणि जानकी वाढत होती. "इलेच आसत तर टाकूचे खंय घावने?" ती म्हणाली. ज्यांनी माझा शब्द वाचला नव्हता ते माझ्या वाचकांचे घावने हादडत होते. ठेकेदाराने तर रस दुसऱ्यांदा मागितला. अनुजा एकेकाजवळ बसून विचारत होती, लेख वाचलात का, लेख वाचलात का. एकेक जण तोंडातला घास सांभाळत मान हलवत होता. शेवटी तिने विचारणं सोडलं आणि तीही खायला बसली. चविष्ट झाले होते म्हणाली.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. दाजींचा देवेश. तो आत आला नाही, सुतक होतं. अंगणातल्या खळ्यातच उभा राहिला. डोळे सुजलेले, मुंडण नुकतं केलेलं. पडवीतल्या पानांकडे बघत राहिला. सगळ्यांचे हात थांबले.

"सकाळपासून आमच्याकडे कोण येवक नाय," तो म्हणाला. "पेपरात इला तरी कोण कसो येना नाय म्हणान मी बघूक भायर पडलंय. आई दाराकडे कान लावन बसली आसा. पाय वाजलो की विचारता, कोण इलो?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. लवूने हातातला तुकडा हळूच पानात ठेवला. चेअरमननी रसाची वाटी पाठीमागे सरकवली. मला वाटलं, खरंच आज गेलो असतो तर ही वेळ आली नसती. लगेच वाटलं, मी गेलो असतो आणि फोटो दाजींचा लागला असता, तर माझ्याकडे कुणी आलं नसतं. ते जास्त लागलं.

मग सगळे उठले, हात धुतले आणि निघाले. आमच्याकडे मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. सवयीने कुणीच म्हणालं नाही. जिवंत माणसाच्या घरून सगळे मुकाट्याने गेले.

आम्हीही गेलो, मी आणि अनुजा. दाजींच्या पडवीत आता गर्दी झाली होती. मंडळी सकाळी माझ्यासाठी आणलेले चेहरेच तिथे घेऊन बसली होती. दाजींची बायको मथुरा भिंतीला टेकून बसलेली. काचबिंदूने तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी जवळ बसलो आणि कसंबसं म्हटलं, "वयनी, मी भिकाजी परब. पेपरातलो."

तिने मान माझ्याकडे वळवली. चेहरा एकदम मऊ झाला.

"तुमी घावन्याक बोलवलास, बरां वाटला," ती म्हणाली. "पण माका सुतक. बारावा-तेरावा होंदे, मगे येतंय."

अनुजाने माझा दंड धरला. मागे उभी असलेली सून दिव्या म्हणाली, "बाबा दर रविवारी आईंका तुमचो लेख वाचून दाखवीत. खोलीचा दार लावन घेयत. आमका भायर दोघांच्या हसण्याचो आवाज येय. आज ते नाय, पण आईंनी ऐकूक नाय, सांगल्यानी वाच म्हणान. मगे मी वाचलंय, सगळो."

हसण्याचो आवाज. मोरीच्या लेखावर. मी अनुजाच्या कानाशी लागलो, "बघितलंस? उपरोध. उपरोध कळणारा वाचक होता माझा." एवढी वर्षं बाजारात भेटणारा तो माणूस, 'काय म्हणता पेपर' एवढंच विचारणारा, घरी जाऊन बायकोला माझा शब्द न् शब्द वाचून दाखवत होता. आणि मी त्याला काय दिलं? तीन ओळी आणि माझा फोटो.

परत येताना मी अनुजाला म्हटलं, "लिही आता. एक वाचक, शेवटपर्यंत."

ती अडखळली. "काका, म्हणजे बघा, दाजी वाचक होते, पण ते हयात नाहीत. सर्वेक्षणाला हयात वाचक लागतो."

"मथुरावयनी आहेत ना."

"त्या वाचत नाहीत, ऐकतात. श्रोत्यांचा अभ्यास आकाशवाणीवाले करतात." आणि वर म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला. सर्वांत खाली, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, फोटोशिवाय. त्यामुळे तो कुणीच वाचला नाही. अजूनही ओरोसला जाणाऱ्या एसटीत कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघतं आणि शेजारच्याला कोपराने ढोसतं. बांद्याच्या एका पाहुण्याने तर जानकीला फोन करून विचारलं, की वर्षश्राद्ध केव्हा आहे. अनुजाने पुण्याला गेल्यावर कळवलं, माझ्या प्रकरणाचं तिने स्वतंत्र प्रकरण केलंय, निधनवार्तेतल्या छायाचित्रावर. तिच्या मार्गदर्शकांना फार आवडलं. सदर बंद झालं. संपादक म्हणाले, "परब, उगाच मनाला लावून घेऊ नका, तुम्ही गेलात त्या दिवशी पेपराची चर्चा किती झाली." त्या जागेत आता वाढदिवस असतात.

तरी मी ताठ होतो. का? तर माझा एक वाचक होता. बाजारात, स्टँडवर, लवूच्या टपरीवर मी हेच सांगत सुटलो. हजार डोळे फिरवणारे नकोत, दाजींसारखा एक पुरे. एकदा तर सांगताना आवाज चिरकला आणि लवूने चहाचे पैसे घेतले नाहीत.

तेरावं झाल्यावर शब्द दिल्याप्रमाणे मथुरावयनी आल्या, दिव्याचा हात धरून. जानकीने पुन्हा घावने घातले. वयनी चवीने खात होत्या आणि मी समोर पाटावर बसून वाट बघत होतो. त्या माझ्या लेखाबद्दल बोलतील म्हणून. बोलल्याच.

"भिकाजी, एक विचारूचा होता. त्या कुर्ल्यांचा मगे काय झाला?"

"कुठल्या कुर्ल्यांचं?" खेकड्यांवर मी कधी लिहिलं होतं ते मला आठवेना.

"असा काय करतास? मोरीतल्या. मोठ्या कुर्लेन मोरीत ग्रामसभा बोलावली, ठेकेदाराच्या पायजम्यात शिरान ठराव पास करून घेतल्यान. मगे साहेब पाइप मोजूक वाकले तर तेंचो चष्मो त्या ल्हान कुर्लेन पळयल्यान आणि तोच घालून ती हिशेब तपासूक बसली. थय अर्धा रवला. ह्यांनी सांगल्यानी, फुडला आता फुडच्या रविवारी. आणि त्याच शनवारी गेले." त्यांनी डोळ्याला पदर लावला, पण ओठ हसतच होते. "काय लिवतास हो तुमी. आमी दोघा हसान हसान गडाबडा लोळत होताव. ह्या वेळेक दिव्यान वाचल्यान, तेच्यात एकव कुर्ली नाय. नुसतो पाइप. माका वाटला, तुमका कायतरी बरां नाय."

मी दिव्याकडे बघितलं. दिव्याने जमिनीकडे बघितलं. जानकी तव्यावरचा घावना उलटायचा विसरली.

माझ्या उभ्या लेखनात एक कुर्ली नाही. शपथेवर सांगतो. दाजी दार लावून घ्यायचे ते त्यासाठी. पेपर समोर धरायचे, माझं नाव वाचायचे आणि तिथून पुढे आपलं सांगायचे. त्या माणसाने माझा पहिला परिच्छेद तरी वाचला होता की नाही, देव जाणे. आता मला ते बाजारातलं मिशीतलं हसू कळलं.

"बोला ना," वयनी म्हणाल्या. "फुडे काय?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मग बंद केलं. "लिवतंय," मी म्हटलं. "येत्या रविवारी."

तेव्हापासून दर रविवारी मी पहिल्या एसटीच्या वेळेला पेपर घेऊन दाजींच्या घरी जातो. दार लावून घेतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पान समोर धरतो, गॉगल घातलेल्या कुठल्या तरी युवा नेत्याकडे बघत 'कट्ट्यावरून, भिकाजी परब' असं वाचतो आणि पुढे कुर्ल्या. मी जीव तोडून सांगतो. एका कुर्लीला उपअभियंता केलं, एकीला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसवलं. रात्र रात्र विचार करतो. एवढी मेहनत मोरीवर कधी घेतली नव्हती.

वयनी शेवटपर्यंत ऐकतात. मध्येच उठत नाहीत, डुलकी काढत नाहीत. गेल्या रविवारी संपल्यावर जरा थांबल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून समजुतीने म्हणाल्या, "बरां आसा हो. पण आदी लिवत होतास तशी मजा आता येना नाय."